स्क्रू नको, खटका हवा? कॅबिनेटच्या आतले तुमचे प्रश्न

मागच्या वेळी सहज लिहून गेलो की पीसीचं कॅबिनेट उघडून आत कार्ड बसवताना काही अडलं तर विचारा, आणि तुम्ही लोकांनी ते मनावरच घेतलं. बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ते कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असलेले प्लॅस्टिकचे खटके, म्हणजे स्क्रूड्रायव्हर न लावता कार्ड अडकवायची सोय. त्यामुळे या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकतो. वायरिंग आणि फॅनवाले थोडं थांबा, तुमचा नंबर येतोय.

प्रश्न : नमस्कार सर, नवीन कॅबिनेट घेतलंय. त्यात कार्डाच्या प्रत्येक स्लॉटमागे प्लॅस्टिकचा एकेक खटका आहे, दाबला की टक् करून बंद होतो, स्क्रू लावायची गरज नाही असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मला एक ग्राफिक्स कार्ड आणि एक छोटं वायफाय कार्ड लावायचंय. मित्र म्हणतो खटक्यांवर भरवसा ठेवू नको. कुणाचं ऐकू?

उत्तर : वायफाय कार्ड खटक्यावर सोडा, ग्राफिक्स कार्डाला स्क्रू लावा. म्हणजे मॅन्युअल पण बरोबर आणि मित्र पण बरोबर.

आता का ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. कार्डाच्या मागे जी धातूची उभी पट्टी असते ना, जिच्यातून एचडीएमआय वगैरेची भोकं बाहेर दिसतात, ती नुसती झाकण म्हणून नसते. एक तर ती कार्डाला धरून ठेवते. दुसरं म्हणजे बाहेरून जी वायर लावतो तिची ओढाताण ती स्वतःवर घेते, नाहीतर ती सगळी ओढ थेट स्लॉटवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड खोचतो तिच्यावर आली असती. आणि तिसरं जे कुणाच्या लक्षातच येत नाही ते म्हणजे अर्थिंग, वायरच्या बाहेरची धातूची जाळी कनेक्टरमधून पट्टीला आणि पट्टीतून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेली असते. पट्टी पत्र्याला घट्ट चिकटली नाही तर कार्ड चालतं, पण साउंड कार्ड असेल तर कधीकधी स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू यायला लागतं आणि माणूस स्पीकर बदलत बसतो.

स्क्रू ही तिन्ही कामं एका फटक्यात करतो, पट्टीचा वरचा दुमडलेला भाग पत्र्यावर आवळून धरतो. खटका काय करतो, तर पट्टीला वरून दाबून ठेवतो, आवळत नाही. टॉवर उभा असतो तेव्हा कार्ड आत भिंतीवरच्या फळीसारखं आडवं असतं, एक कड स्लॉटमध्ये आणि एक टोक मागच्या पट्टीला, बाकी सगळं अधांतरी. वायफाय कार्डाचं वजनच काय असणार, त्याचा स्लॉट जेमतेम २५ मिलिमीटर लांब, त्याला खटका पुरून उरतो. पण ग्राफिक्स कार्डांची गोष्ट वेगळी, एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ४०९० घ्या, साधारण २.२ किलो वजन आणि ३०४ मिलिमीटर लांबी. एवढी वीट प्लॅस्टिकच्या जिभेवर टांगायची म्हणजे धाडसच.

खटक्यांचे पण प्रकार आहेत बरं का, सगळे एका माळेचे मणी नाहीत. प्रत्येक स्लॉटला वेगळा छोटा खटका असतो तो सगळ्यात कमजोर, विशेषतः प्लॅस्टिकचा, कारण आतल्या गरमीत काही वर्षांनी प्लॅस्टिक कडक होतं आणि एक दिवस कट्कन जातं. दुसरा प्रकार म्हणजे सगळ्या स्लॉटवर मिळून एकच लांब दांडी, ती उघडली की सगळी कार्डं एकदम मोकळी, हे तुलनेनं बरं असतं, खास करून दांडी धातूची असेल तर. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसवाल्या मशीनमध्ये अशी दांडी किंवा बिजागरीवाली पट्टी बघायला मिळते आणि ती खरंच दणकट असते, डेलमध्ये हात लावायच्या जागा निळ्या आणि एचपीच्या वर्कस्टेशनमध्ये हिरव्या रंगवलेल्या असतात, म्हणजे उघडणाऱ्याला शोधत बसायला नको. तिसरा माझा लाडका, थंबस्क्रू, मोठ्या डोक्याचा खाचाखाचांचा स्क्रू जो बोटांनी फिरतो. तोही बिनहत्यारीच की! आणि आवळतो पण. माझं विचाराल तर कॅबिनेटवाल्यांनी खटक्यांचा खटाटोप सोडून मूठभर थंबस्क्रू दिले असते तर जास्त उपकार झाले असते.

तुमच्या कॅबिनेटमध्ये खटका बाजूला केल्यावर खाली स्क्रूचं भोक दिसतंय का बघा. बहुतेक वेळा असतंच. खटका उघडा ठेवा किंवा निघत असेल तर काढून टाका आणि तिथे थंबस्क्रू लावा.

प्रश्न : दादा, माझं डोकं फिरायची वेळ आलीये. कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डिस्प्ले येतो, पण मागची दांडी लॉक केली की डिस्प्ले जातो! मी पीसी चालू ठेवूनच दोन-तीनदा दांडी उघडून-बंद करून बघितली, खरंच तसंच होतंय. कार्ड खराब आहे का?

उत्तर : अरे आधी एक सांग, चालू मशीनमध्ये हात कसला घालतोस? पुन्हा असं करायचं नाही. मागचं स्विच बंद, प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवायचं म्हणजे आत साठलेलं निघून जातं. नुसतं शटडाउन केलं तरी पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन मदरबोर्डला मिळतच असते, बऱ्याच बोर्डांवर छोटा दिवा जळत राहतो तो त्याचमुळे. आणि कार्डाला स्लॉटमधूनच ७५ वॅटपर्यंत पॉवर मिळते, ते अर्धवट बसलेलं असताना चालू करून हलवणं म्हणजे नसतं दुखणं विकत घेणं.

आता तुझा प्रश्न. कार्ड बहुतेक ठणठणीत आहे, दुखणं बसवण्यात आहे, आणि ही तक्रार इतकी कॉमन आहे की मला डोळे मिटून सांगता येईल. होतं काय, तू कार्ड दाबून बसवतोस तेव्हा ते सरळ बसतं, पण त्याच्या पट्टीचं वरचं टोक कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकतच नाही, थोडं वर राहतं किंवा तिरकं राहतं. मग दांडी लॉक केलीस की ती पट्टीला जबरदस्तीनं खाली दाबते, मागची बाजू खाली गेली की तराजूसारखी कार्डाची पुढची बाजू वर उचलली जाते, आणि स्लॉटमधले कॉन्टॅक्ट सुटतात. डिस्प्ले गेला.

बघायचं कसं, तर मशीन बंद करून दांडी लॉक कर आणि बाजूनं टॉर्च मारून स्लॉटच्या कडेशी बघ. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या सगळीकडे सारख्या आत गेलेल्या दिसायला हव्यात. एका टोकाला सोनेरी रेघ दिसतेय आणि दुसऱ्या टोकाला नाही, म्हणजे झालंच. कधीकधी डिस्प्ले पूर्ण जात नाही पण कार्ड सोळा लेनऐवजी (लेन म्हणजे डेटा जायच्या वाटा) आठ किंवा चार लेनवर चालायला लागतं आणि आपण म्हणत बसतो की गेम का अडखळतोय, ते जीपीयू-झेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसच्या रकान्यात दिसतं.

उपाय या क्रमानं कर. आधी पट्टीचं खालचं निमुळतं टोक बघ, ते मदरबोर्डची कड आणि कॅबिनेटचा मागचा पत्रा यांच्यामधल्या फटीत उतरायला पाहिजे, बऱ्याचदा ते फटीत न जाता कडेवरच टेकलेलं असतं आणि आपण वरून जोर लावत बसतो. ते ठीक असेल तर मदरबोर्डचे स्क्रू थोडे थोडे ढिले कर, काढायचे नाहीत फक्त ढिले, मग कार्ड पूर्ण बसव, मागची पट्टी दांडीनं किंवा स्क्रूनं लॉक कर, आणि मग मदरबोर्डचे स्क्रू आवळ. म्हणजे बोर्ड कार्डाच्या हिशोबानं स्वतःची जागा घेतो. ही युक्ती दहातल्या बऱ्याच जणांचं काम करून जाते. तरी नाही जमलं तर बोर्डाखालच्या पितळी खुंट्या एका उंचीच्या आहेत ना आणि पोर्टांभोवतीच्या पत्र्याच्या आयओ शील्डचा एखादा कान पोर्टात घुसून बोर्डाला पुढे ढकलत नाहीये ना ते बघ. माझ्या एका मशीनला तोच कान होता, नेमका लॅनच्या पोर्टात घुसलेला, तासभर गेला होता माझा.

आणि पट्टीच वाकलेली असेल तर कार्ड बाहेर काढून पक्कडनं हळू सरळ कर, स्लॉटमध्ये असताना नाही.

प्रश्न : माझं ग्राफिक्स कार्ड दोन स्लॉट जाडीचं आहे. दोन खटक्यांपैकी वरचा बंद होतो, खालचा होतच नाही. एकावर चालेल?

उत्तर : खटका का बंद होत नाही ते आधी बघा. दोन कारणं असतात, एकतर कार्डाच्या कव्हरची कड खटक्याच्या आड येते, नाहीतर वायरचं जाडजूड डोकं. हे खटके बनवणाऱ्यांनी बहुतेक डोळ्यासमोर सडपातळ कार्डं ठेवली होती, त्यांना कुठे माहीत होतं की कार्डं एवढी फुगणार. एकावर चालेल का, तर चालेल पण बरं नाही. दोन्ही ठिकाणी स्क्रूची भोकं असतात तर दोन्ही स्क्रू लावा ना, दोन मिनिटांचं काम आहे. दोन स्क्रू लावायचे तेव्हा आधी दोन्ही स्क्रू नुसत्या हातानं अर्धे फिरवून घ्यायचे आणि मग आळीपाळीनं आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा लावायला गेलात तर दुसऱ्याचं भोक जुळत नाही, ही माझी खात्री.

प्रश्न : सर, कार्ड बदलायचं म्हणून मागचे खटके सगळे उघडले, तरी कार्ड निघत नाहीये. जोरात ओढायची भीती वाटते.

उत्तर : भीती वाटतेय तेच चांगलं आहे ताई, अजिबात ओढू नका. आणखी एक खटका आहे आणि तो मागे नाही, स्लॉटवरच आहे. लांबवाला स्लॉट, जो ८९ मिलिमीटरचा असतो, त्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे कॅबिनेटच्या समोरच्या बाजूला, एक छोटा कान असतो जो कार्डाच्या खाचेत अडकतो. कार्ड जाड असेल तर तो खाली लपलेला असतो आणि बोट पोचत नाही. तो दाबला किंवा बाजूला ढकलला की कार्ड सुटतं. बोट जात नसेल तर लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हरचं टोक घालू नका, सटकला तर मदरबोर्डवर ओरखडा पडतो आणि तिथल्या बारीक रेघा म्हणजे वायरीच असतात. कान दाबून धरलेलाच ठेवून दुसऱ्या हातानं कार्ड सरळ वर, डावीउजवीकडे डोलवत नाही, फक्त पुढचं-मागचं टोक अगदी किंचित आळीपाळीनं उचलत काढायचं.

हा त्रास इतका झाला की मदरबोर्डवाल्यांनीच शेवटी ऐकलं. आसुसच्या बऱ्याच नव्या बोर्डांवर बाजूला एक वेगळं बटण असतं, ते दाबलं की तो लांबचा कान सुटतो, क्यू-रिलीज म्हणतात त्याला, आणि एमएसआय आणि गिगाबाइटनं पण आपापल्या नावानं तसंच काहीतरी दिलंय. बिनहत्यारी सोय म्हणजे काय ते मला विचाराल तर हे, मागच्या खटक्यापेक्षा कितीतरी उपयोगी.

तुमच्या स्लॉटचा कान चुकून तुटला तरी रडू नका, कार्ड चालतं. फक्त मागचे स्क्रू मग नीट आवळलेले पाहिजेत.

प्रश्न : खटका तुटला. तिथे हार्डडिस्कचा स्क्रू लावला तर फिरतच राहतो, आवळत नाही. फेविक्विक लावू का?

उत्तर : नका हो! फेविक्विकनं पट्टी चिकटवली तर उद्या कार्ड काढणार कसं, आणि त्याचा पांढरा धूर कॉन्टॅक्टवर बसतो तो वेगळाच.

तुम्ही लावलेला स्क्रू बहुतेक एम३ आहे, अडीच इंची डिस्क आणि एसएसडीला लागतो तो, ३ मिलिमीटर जाडीचा, बारीक आट्यांचा. कार्डाच्या भोकाला लागतो तो ६-३२, साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचा आणि मोठ्या आट्यांचा, एका इंचात ३२ आटे. म्हणून बारीकवाला त्यात नुसता फिरतोय. तुमच्या मशीनमध्येच शोधा, पॉवर सप्लाय मागून ज्या चार स्क्रूंनी लावलेला असतो ते ६-३२च असतात, जुन्या साडेतीन इंची हार्डडिस्कचे पण. उलटं मात्र कधी करू नका, जाड स्क्रू बारीक भोकात घुसवला तर आटे कापले जातात आणि मग ते भोक कायमचं गेलं.

तुटलेल्या खटक्याबद्दल बोलायचं तर मी पण त्यातून गेलोय. माझ्याकडे एक कॅबिनेट होतं, कंपनीचं नाव जाऊ द्या, सात स्लॉटला सात खटके, दिसायला एकदम झकास, त्यातले तीन दोन वर्षांत तुटले. एक तुटला ते मला कळलंच नाही. टेबल पुसताना मॉनिटरची वायर जरा ओढली गेली आणि स्क्रीन काळी. मी आधी मॉनिटर तपासला, मग केबल बदलली, मग ड्रायव्हर उडवून परत टाकला, शेवटी संध्याकाळी कव्हर उघडलं तर कार्ड एका बाजूला तिरकं लोंबतंय आणि खटक्याचा तुकडा खाली फॅनजवळ पडलाय. फॅनमध्ये गेला नाही हे नशीब. तेव्हापासून तुटलेला तुकडा दिसेपर्यंत मी कव्हर लावत नाही. स्क्रू आत पडला तरी तेच, तो सापडल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, बोर्डाच्या मागे अडकलेला स्क्रू शॉर्ट करू शकतो. कॅबिनेट आडवंउभं करून हलवा, खुळखुळ ऐका.

प्रश्न : माझं कॅबिनेट बुटकं आहे, कार्डाची पट्टी लांब पडते. पट्टीच काढून टाकली तर? कार्ड नीट चालतंय.

उत्तर : चालतंय म्हणजे आज चालतंय. पूर्ण उंचीची पट्टी १२० मिलिमीटर असते आणि बुटकी ७९, बऱ्याच छोट्या कार्डांच्या बॉक्समध्ये बुटकी पट्टी वेगळी दिलेली असते, ती आपण पुठ्ठ्याबरोबर फेकून देतो. आधी घरात शोधा. कार्डाला बाहेरून वायर लागतच नसेल, म्हणजे एसएसडी बसवायचं अॅडाप्टर वगैरे, तर पट्टीशिवाय एकवेळ चालेल, आणि रिकाम्या जागी झाकणपट्टी लावून टाका नाहीतर धूळ तिथूनच आत. पण वायर लागत असेल तर पट्टी हवीच, वर सांगितलं ना, ओढ कोण घेणार?

तसं बघायला गेलं तर पट्टीशिवाय कार्डं ही काही नवी गोष्ट नाही. १९७७च्या अॅपल टू मध्ये आठ स्लॉट होते आणि कार्डांना ना पट्टी ना स्क्रू, झाकण हातानं उचला, कार्ड खोचा, वायर मागच्या खाचेतून बाहेर काढा. १९८१च्या आयबीएम पीसीनं पट्टी आणि स्क्रू आणला, पाच स्लॉट, आणि १९८३च्या आयबीएमच्याच एक्सटी मॉडेलमध्ये आठ झाले तेव्हा दोन स्लॉटमधलं अंतर ०.८ इंच ठरलं, तेच आजही चालू आहे. म्हणजे बिनस्क्रूची आयडिया आधीची आणि स्क्रू नंतर आला, आणि आपण आता परत मागे जातोय. असो, विषय भरकटला.

प्रश्न : घर बदलतोय, पीसी गाडीतून न्यायचाय. कार्ड खटक्यावर आहे आणि पुढच्या टोकाला थोडं झुकलेलं पण दिसतं. काढून नेऊ की तसंच?

उत्तर : जड असेल तर काढूनच न्या, हा वेळ वाचवण्यासारखा नाही. झुकलेलं आहे म्हणताय म्हणजे खटक्याच्या आवाक्याबाहेर गेलंय, नव्या घरात गेल्यावर स्क्रू लावा आणि पुढच्या टोकाखाली टेकू द्या, तयार मिळतात, नाहीतर योग्य उंचीचं प्लॅस्टिकचं काहीतरी चालतं, फक्त धातूचं नको आणि फॅनला लागायला नको. टेकू देताना आधी कार्ड हातानं सरळ धरा, मग टेकू खाली सरकवा, टेकूनं कार्ड वर उचलायला जाऊ नका.

काढायचं नसेलच तर कॅबिनेट गाडीत उभं ठेवू नका, आडवं झोपवा, काचेची बाजू वर, म्हणजे मदरबोर्ड खाली सपाट आणि कार्ड त्याच्यावर उभं, वजन सरळ स्लॉटवर येतं, तिरकं लोंबत नाही. आत मोकळ्या जागेत पिशवीत गुंडाळलेला फोम भरा. आणि पोचल्यावर उत्साहाच्या भरात लगेच बटण दाबाल, तर आधी काच उघडून तो फोम बाहेर काढा, गेल्या महिन्यात माझ्याच भाच्यानं तसंच चालू केलं होतं आणि फॅन का फिरत नाही म्हणून मला फोन.